नाते म्हणजे काय? भावकी, सोयरीक व वारसा यांविषयी अभ्यास



गावात कोणी मरण पावले म्हणजे शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, सुतक कोणास, आणि किती दिवसांचे? आपल्या मंडळीतील घरांनी ती चाल सोडली असली तरी तो हिशेब त्यांसही तोंडपाठ असतो, कारण तो चारी बाजूंनी कानांवर पडतच असतो. भावकीस दहा दिवस. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीस आईबापांचे तीन दिवस. आता ह्या हिशेबाकडे थोडे निरखून पाहा. बांधाच्या तंट्यावरून ज्या चुलतभावाने दहा वर्षांत उंबरा ओलांडला नाही त्यास दहा दिवस, आणि अंथरुणाला खिळलेल्या बापाची जिने अखेरपर्यंत सेवा केली त्या लेकीस तीन. रक्त म्हणाल तर लेकीचे अधिक जवळचे. माया म्हणाल तर तीही तिचीच अधिक. तरी दिवस मात्र कमी!

ह्यावरून एक गोष्ट आरंभीच ध्यानात येते की, नाते हे केवळ रक्ताचे माप नव्हे, व केवळ प्रेमाचेही नव्हे. कोणाचे कोणावर काय देणे आहे, ह्याची समाजाने घालून दिलेली ती एक गणती आहे. गणती म्हटली की तिच्यात कोणी धरला जातो व कोणी गळतो. आपण पाळक, उपदेशक व मंडळीतील वडील माणसे ज्या घरी दुःखाच्या दिवशी जातो, त्या घरी हीच गणती चाललेली असते. म्हणून ती नीट समजून घेणे आपणांस अवश्य आहे.

आपल्या मराठी खेड्यांत नात्याचे दोन विभाग पडतात: भावकी आणि सोयरे. एका मूळ पुरुषापासून पुरुषांच्या द्वारे जे उतरले ते भाऊबंद. त्यांचे आडनाव बहुधा एक, शेत मूळचे एक, आणि म्हणून तंटाही एक. ज्यांच्या घरी आपली मुलगी दिली अथवा ज्यांच्या घरची मुलगी आपण केली ते सोयरे. जो भाऊबंद तो सोयरा होऊ शकत नाही, हा ह्या सर्व रचनेतील मुख्य नेम. मराठे व दुसऱ्या कित्येक जाती ह्यासाठी देवक पाहतात. महागाव आणि पुसद ह्या बाजूच्या तांड्यांत बंजारा लोक राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळे पाहतात आणि एकाच कुळात सोयरीक करीत नाहीत. गोंड लोकांत देवांच्या संख्येवरून सगे ठरतात: कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सहा देवांचा गोंड सहा देवांच्या दुसऱ्या गोंडास, तो शंभर कोसांवरचा व अगदी अनोळखी असला तरी, भाऊच समजतो व त्याची मुलगी करीत नाही. पाहा, येथे रक्ताचा धागा कोणास दाखविता येत नाही. तरी नाते पक्के आहे.

पैनगंगेच्या ह्या तीरावर राहणाऱ्या आपणांस आणखी एक गोष्ट सहज दिसते. 1948 पर्यंत नदीच्या पलीकडे हैदराबाद संस्थान होते. राज्य वेगळे, नाणे वेगळे, कचेरीची भाषाही वेगळी. परंतु लग्नाचे वऱ्हाड नदी उतरून जात असे व सुना नदी उतरून येत. राज्याच्या सीमेस सोयरीक कधी फारशी जुमानीत नाही.

सोयऱ्यांत मामाचा मान सर्वांत मोठा. भाचीला मंडपात त्यानेच आणावयाची. बहिणीच्या घरी कार्य निघाले की आहेर घेऊन प्रथम त्यानेच यावयाचे. असे का असावे बरे? आपल्याकडील कुणबी, मराठे इत्यादी अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करावी हा जुना रिवाज आहे. तसे झाले म्हणजे मुलगी आपल्या आत्याच्याच घरी सून होऊन जाते. म्हणूनच जेथे असे नाते मुळीच नाही तेथेही कित्येक सुना सासूला ‘आत्याबाई’ व सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणतात. चाल सुटली, शब्द राहिला. परंतु ह्याच्या उलट, म्हणजे आत्याची मुलगी मामाच्या मुलास करणे, हे त्याच जातींस आवडत नाही. मुलगी ज्या घरी दिली त्या घरातून मुलगी परत आणू नये, वेल मागे फिरवू नये, असे जुनी माणसे म्हणतात. आता मध्य भारतातील गोंडांकडे वळा. मुलगी दिलेल्या घराण्यातून पुढील पिढीत मुलगी परत आली तर ते त्यास ‘दूध लौटावा’, म्हणजे दूध परत फिरणे, असे गोड नाव देतात व त्यात आपला मान समजतात! वेल फिरू नये असे एक म्हणतो. दूध फिरावे असे दुसरा म्हणतो. आणि दोघांची शेते एकमेकांस लागून असू शकतात. तेव्हा आपल्या घरची चाल हीच काय ती नीतीची, आणि शेजाऱ्याची ती रानटी, असे बोलण्यापूर्वी मनुष्याने जिभेला आवर घालावा हे बरे.

इरावती कर्वे ह्या विदुषीने भारतातील नातेव्यवस्थेवर 1953 साली एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेस आतेमामे भावंडांचा विवाह निषिद्ध, दक्षिणेस तो इष्ट, आणि महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, असे त्यांनी दाखवून दिले. आपली अर्धी मान्यता व अर्धा निषेध कोठून आला हे त्यावरून उमगते.

ह्या विषयाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम मोठ्या प्रमाणावर करणारा गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील लुईस हेन्री मॉर्गन नावाचा वकील. सेनेका नावाच्या आदिवासी लोकांत बापाच्या भावासही ‘बाप’ असेच म्हणतात हे त्याच्या ध्यानात आले. मग इतर देशांत कसे आहे हे पाहण्यासाठी त्याने प्रश्नांचे तक्ते छापून पृथ्वीवर चोहोंकडे पाठविले. ते भरून पाठविणाऱ्यांत पुष्कळ मिशनरी होते, हे वाचून आपल्या उपदेशकांस कौतुक वाटेल. दक्षिण हिंदुस्थानातील तमिळ लोकांची पद्धत व सेनेकांची पद्धत बरीच जुळते असे त्यास आढळले, आणि 1871 साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याने त्यातून बसविलेली पुष्कळ अनुमाने पुढील अभ्यासकांनी टाकून दिली आहेत. परंतु नात्याचे शब्द म्हणजे नुसती नावे नसून त्यांत समाजाचे नेम साठविलेले असतात, ही त्याची दृष्टी टिकली.

केरळातील नायर घराण्यांत तर वंश आईकडून मोजीत. घर आईचे, कारभार मामाचा, आणि बाप हा त्या घरी पाहुण्यासारखा. 1975 च्या केरळच्या कायद्याने ती एकत्र कुटुंबे मोडली, तरी तोपर्यंत कित्येक पिढ्या मुलांनी मामाच्या आज्ञेत काढल्या, आणि त्यांत कोणास काही विपरीत वाटले नाही. मेघालयातील खासी लोकांत वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीस मिळते व म्हाताऱ्या आईबापांस तीच सांभाळते. आपल्याकडे ‘लेक परक्याचे धन’ म्हणतात. खासी मनुष्यास हे वाक्य समजावून सांगण्यास फार वेळ लागेल. मुसलमानांत एका दाईचे दूध प्यालेली मुले भावंडे ठरतात व त्यांचा आपसांत विवाह होत नाही. म्हणजे दुधानेही नाते जुळते.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांनी ह्यात नवल मानू नये. याकोबाने लेआ व राहेल ह्यांच्याशी लग्न केले. त्या लाबानाच्या मुली, आणि लाबान हा रिबकेचा भाऊ. म्हणजे याकोबाने मामाच्या मुली केल्या, आणि ही कथा वाचताना आपल्या कुणबी श्रोत्यांस काहीच चमत्कारिक वाटत नाही. परंतु गणनेच्या पुस्तकातील सलाफहादाच्या कन्यांचे पाहा. बापास मुलगा नव्हता. तेव्हा बापाचे वतन आम्हांस मिळावे असे त्या पाच बहिणींनी मोशेपुढे उभे राहून मागितले व त्यांस ते मिळाले. पुढे ते वतन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांची लग्ने त्यांच्या चुलतभावांशी झाली. हे वाचताच आपल्या मंडळीत कुजबूज होते, कारण आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच. एकाच शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. उपदेशकाने येथे गडबडून न जाता, त्या लोकांची जमिनीची व वंशाची गणती कशी होती हे आधी समजावून सांगावे.

ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढ्यांचा तर ह्या गणतीशी फारच कठोर प्रसंग आला. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईस झाला आणि काही वर्षे त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई आपल्या आप्तांत राहिल्या. 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ ह्या त्यांच्या पुस्तकात त्या काळाचे वर्णन आहे, आणि त्यातील नातलगांकडे पाहिले म्हणजे असे दिसते की, रागावणारे व सांभाळणारे पुष्कळदा तेच ते लोक होते. दुष्काळातून आलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. 1896 व 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतांतून सुमारे 300 मुली व तरुण विधवा आणल्या. अशा अनेक मुलांचे आईबाप मेले, गाव सुटले, कूळ कोणास ठाऊक नाही. ही मुले मोठी होऊन एकमेकांशी विवाहबद्ध झाली म्हणजे त्यांच्या लेकरांस ना काका, ना मामा, ना आजोळ. त्यांच्या घरी लग्न निघाले तर मामा म्हणून उभे राहावे कोणी? मंडळीतीलच कोणी तरी उभे राहावे लागणार. आणि एकदा जो उभा राहिला तो केवळ त्या दिवसापुरता मामा राहत नाही. पुढे भाचीच्या बाळंतपणाच्या वेळी बैलगाडी त्यालाच जुंपावी लागते. मानलेले नाते मानल्याने होते, पण टिकते ते केल्याने.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी व चार मुले ह्यांचा एकाच वेळी अंत झाला. शेतीच्या विवंचनेने एक सबंध घर नाहीसे झाले. 2017 पासून 19 मार्चला ठिकठिकाणी काही माणसे त्यांच्या आठवणीसाठी एक दिवस अन्न वर्ज्य करतात. कोणत्याही गणतीने ज्यांस त्या घराचे सुतक लागत नाही अशी ही माणसे आहेत. हा दिवस पाळणाऱ्यांच्या मागण्यांविषयी कोणाचे मत काहीही असो. परंतु शोकाचा एक दिवस आपल्यावर लागतो असे त्यांनी मानले, ही गोष्ट आपल्या विषयाला लागून आहे.

त्यानंतर ह्या जिल्ह्यात शेतकऱ्यांची किती घरे अशा रीतीने उघडी पडली हे येथील वाचकांस सांगावयास नको. 2006 च्या जुलैत केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जी मदत जाहीर केली त्यांत यवतमाळ होता. परंतु सरकारी मदत पोहोचली तरी घरातील गणती घरातच राहते. समजा, एका गावी चार एकर कापसाचा धनी वारला. मागे तरुण बायको, दोन लेकरे, म्हातारी आई आणि दोन भाऊ. दहाव्या दिवसापर्यंत सर्व ओसरीवर असतात. मग प्रश्न निघतात. शेत अजून वडिलांच्या नावावर. वारसाची नोंद कोणी केलीच नाही. सून तर दुसऱ्या कुळातली; ती माहेरी गेली तर? कर्ज कोणाच्या नावाचे? ह्या एका घटकेला भावकी आपले खरे रूप दाखविते. काही घरी थोरला दीर लेकरांस उराशी धरून म्हणतो की ही माझी. आणि काही घरी तोच दीर बांध सरकवितो. नियम दोघांसही एकच होता.

येथे कायदा काय म्हणतो हे उपदेशकांनी पक्के ध्यानात ठेवावे, कारण गावी चुकीच्या समजुती फार आहेत. हिंदू कुटुंबात 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा, मुलगे, मुली व आई ह्या सर्वांस हिस्सा आहे. आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मतः आहे. बाप त्या वर्षी हयात नव्हता म्हणून मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तरी होते काय? बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल अशी तिला धास्ती असते. जमीन सोडावी व माहेरपण राखावे, असा हा न बोललेला सौदा आहे. कित्येक भाऊ तो सौदा जन्मभर इमानाने पाळतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु भाऊ गेला व भावजय नांदू लागली म्हणजे त्या सौद्याचा साक्षीदार कोण?

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस मात्र 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्याची गणती वेगळी आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला व मुले असली तर एक तृतीयांश विधवेस, आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांस सारखे. मुलगा व मुलगी असा भेद नाही. मुले नसली पण नातलग असले तर अर्धे विधवेस व अर्धे नातलगांस. नातलग मोजताना बापाकडचे व आईकडचे ह्यांत कायदा अंतर करीत नाही. म्हणजे सुतकाच्या हिशेबात जो मामा परका तो येथे आपल्या पायरीप्रमाणे धरला जातो. सख्खे व सावत्र हाही भेद तो ठेवीत नाही, आणि बापाच्या मरणानंतर जन्मलेले मूलही धरतो.

परंतु ह्याच गणतीतून एक माणूस गळते, आणि ते म्हणजे म्हातारी आई. मृताची बायको व मुले असता त्याच्या आईस ह्या कायद्याने काहीच मिळत नाही. ज्या घरी मुलगा एकटाच कमावता होता तेथे ही गोष्ट किती जड जाते ते सांगावयास नको. ह्यावर उपाय मृत्युपत्राचा. दोन साक्षीदारांसमोर सही करून साध्या कागदावर ते करता येते. नोंदणी केली तर बरे, पण ती सक्तीची नाही. मात्र ज्यास काही द्यावयाचे त्यास किंवा त्याच्या बायकोस साक्षीदार करू नये, नाही तर त्याचे देणे रद्द होते. आईबापांस मुले सांभाळीत नसतील तर 2007 च्या कायद्याप्रमाणे पोटगीसाठी उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. मंडळीत असा अर्ज लिहून देण्यास लाज वाटू नये.

धर्मांतर केलेल्यांविषयीही दोन शब्द. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही, हे 1850 च्या एकविसाव्या कायद्याने ठरविले. परंतु 1956 च्या कायद्यात असे आहे की, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांस, वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू नसतील तर, हिंदू नातलगांच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. म्हणून ज्या घरी आजोबा हिंदू, बाप ख्रिस्ती व नातू बाप्तिस्म्यानंतरचा, तेथे आजोबांच्या हयातीतच सरळ बोलणे करून घ्यावे. भांडण म्हणून नव्हे. चुलते व पुतणे एका ओसरीवर बसून बोलतात तसे. आजोबांस आपल्या इच्छेने मृत्युपत्र करून आपला हिस्सा नातवास देता येतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊकच नसते, आणि ती न कळल्यामुळे दोन घरांत जन्माचे वैर पडते.

येत्या वर्गासाठी उपदेशकांनी एक काम करावे. पाटीवर किंवा मोठ्या कागदावर मंडळीतील एका घराची वंशावळ, त्या घरच्या माणसांस विचारून, सर्वांदेखत काढावी. बापाचा बाप, त्याचा बाप, भाऊबंद, त्यांची शेते, हे सर्व भराभर सांगितले जाईल. चौथ्या पिढीपर्यंत सुद्धा कोणी अडखळणार नाही. मग लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे व गावे विचारावी. येथे बायका पुरुषांस दुरुस्त करू लागतील, त्यांस करू द्यावे. शेत कोणाच्या नावावर आहे व नोंद कधी झाली हे त्याच कागदाच्या कडेस लिहावे. शेवटी आईच्या आईचे माहेरचे आडनाव व गाव विचारावे. ती जागा बहुधा कोरी राहील. घरी म्हातारी असेल तर मुलांनी ते नाव तिच्याच तोंडून विचारून आणावे, आणि पुढील रविवारी त्या जागी लिहावे.